थेंबाचं भिंग

कोथरूडच्या आमच्या शाळेची मान्यता टिकणार की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. तपासणीला आलेल्या मॅडमनी प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या सूक्ष्मदर्शकावर हात ठेवून पाचवीतल्या ओवीला विचारलं, “यातून काय पाहिलंस, बाळ?” “काहीच नाही. तो पाहुण्यांसाठी आहे.” मुख्याध्यापकांनी माझ्याकडे, विज्ञानाच्या शिक्षकाकडे, पाहिलं. माझ्या घशाला कोरड पडली. “मग तुम्ही काय वापरता?” मॅडमनी ओवीला विचारलं. ओवीनं कंपासपेटीतून तारेचं कडं काढलं, बाटलीतल्या पाण्यात बुडवलं आणि थेंबासकट मॅडमच्या पदरावर धरलं. “सरांनी शिकवलंय. थेंबातून बघा.” मॅडम वाकल्या. “अगंबाई, धागा न् धागा दिसतोय! अहो सर, हे साहित्याच्या यादीत का नाही?” “पावती नाही, मॅडम.” “किती आहेत?” सगळ्या वर्गानं तारा उंचावल्या. मॅडमनी मोजून यादीत शेवटी लिहिलं, ‘थेंबाचं भिंग, नग पस्तीस, सर्व वापरात.’ ओवीच्या बाटलीतलं पाणी मी घटाघटा प्यायलो.