ताकदीचं इंजेक्शन

तेविसाव्या वर्षीही आदिनाथचा आवाज फुटला नव्हता, मिसरूडही आलं नव्हतं. जालन्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून इंजेक्शन लिहून दिलं, दर तीन आठवड्यांनी एक, जन्मभर.

"संभाजीनगरला जाऊन घेत जा," वडील आबाराव म्हणाले. "इथं कोणाला कळाया नको."

"जन्मभर लपून जाऊ का, आबा? इथंच घेतो."

अंबडच्या दवाखान्यात बाकडी भरलेली होती. सिस्टरनं विचारलं, "कशाचं इंजेक्शन आहे?"

"ताकदीचं," आबाराव घाईनं म्हणाले.

"टेस्टोस्टेरॉनचं," आदिनाथ त्याच बारीक आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पुरुषाच्या अंगात ते आपोआप तयार होतं, माझ्या होत न्हाई. आज पयलं हाय. आता दर तीन आठवड्याला येईन."

बाकड्यांवरची माणसं वळून बघू लागली. आबारावांनी मान खाली घातली.

इंजेक्शन घेऊन आदिनाथ बाहेर आला, तेव्हा एक म्हातारी आबारावांना विचारत होती, "माझ्या नातवाचंबी असंच हाय. डॉक्टर कोणता म्हणलात?"

तिला कमी ऐकू येत होतं. आबाराव तिच्या शेजारी बसून, सगळा दवाखाना ऐकेल एवढ्या मोठ्यानं, तिसऱ्यांदा सांगत होते.