चार दिवस ‘निल’

मी गॅसच्या बारीक आचेवर परीक्षानळी धरून उभी होते. शाल्मलीची लघवी उकळली, पण पांढरी झाली नाही. म्हणजे प्रथिनं जात नव्हती, किडनीचं औषध लागू पडत होतं. डॉक्टरांना दाखवायच्या वहीत मी सलग चौथ्या दिवशी ‘निल’ लिहिलं.

मग तिला शाळेचे मोजे घालायला बसले. दुसरा मोजा घोट्याच्या वर सरकेना. पायावर बोट दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

“सूज आहे. मग लघवी स्वच्छ कशी?”

ती मोज्याकडे बघत म्हणाली, “लघवीच्या बाटलीत मी पाणीच जास्त भरते.”

माझा हात उठलाच होता. चार दिवस वाया गेले होते. “कुणी शिकवलं हे?”

“कुणी नाही. पांढरं झालं की तू नळ सोडून तोंड धूत बसतेस. आणि बाबांना तर तूच खोटं सांगतेस, सगळं छान आहे म्हणून.”

सात वर्षांच्या पोरीवर उगारलेला हात मी खाली घेतला. तेवढ्यात मस्कतहून तिच्या बाबांचा रोजचा फोन आला.

“आजही निल ना?”

शाल्मली एका पायात मोजा घालून माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही,” मी म्हटलं. “परत सूज आलीय.”

 पलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला.