उजवा की डावा
१९९९ साली सदाशिव पेठेतल्या इंग्रजीच्या क्लासला आम्ही दोघी आज्या जायचो, मी आणि तुळजाबाई. अमेरिकेतल्या नातींशी बोलता यावं, एवढीच इच्छा. सर वाक्य म्हणत. त्यातलं ‘मीट’ भेटण्याचं असेल तर उजवा हात वर करायचा, मटणाचं असेल तर डावा. उच्चार एकच, त्यामुळे माझा कायम गोंधळ. मी हळूच शेजारी बघायची आणि तुळजाबाई करतील तो हात वर करायची. “चुकता तेही जोडीनं!” सर म्हणायचे. मग तुळजाबाईंना व्हिसा मिळाला. त्या गेल्यावर मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसू लागले. “काय आजी, संप पुकारलात?” सरांनी विचारलं. महिन्याने अमेरिकेहून तुळजाबाईंचा फोन आला. “नात लई बोलती, पर मला काय बी कळंना. क्लासात तुमचा हात बघून मी माझा वर करायची. इथं कुनाचा बघू?”