सासूबाईंचा नात्तो

फ्रिजमध्ये नात्तोच्या सात डब्या होत्या, रोज एक याप्रमाणे, आणि सातही सासूबाईंच्या. तोकुजींच्या हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून डॉक्टरांनी त्यांना हे आंबवलेलं चिकट सोयाबीन बंद केलं होतं, कारण त्याच्यापुढे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं काही चालत नाही. नात्तोसाठीच प्रसिद्ध असलेल्या मितो शहरात जन्मलेल्या माणसाने एकवीस दिवस नात्तोविना काढले, याचं त्यांच्या बायकोला, किनुएला, कौतुक होतं.

तपासणीत रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा होता. आला १.१.

“असंच राहिलं तर झडपेवर गुठळी धरेल,” डॉक्टर म्हणाले. “खरं सांगा, नात्तो खाता?”

“एक दाणा नाही,” तोकुजी म्हणाले.

“मी साक्षीला आहे,” किनुए म्हणाली. “घरात फक्त आईंना लागतो.”

“वय काय त्यांचं?”

“जाऊन अकरा वर्षं झाली. देव्हाऱ्यात फोटोपुढे आम्ही रोज वाटी ठेवतो,” किनुए म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “आणि मग त्या वाटीचं काय होतं?”

“नैवेद्य टाकून कसा द्यायचा? मी संपवतो,” तोकुजी म्हणाले. “पण तो माझा नसतो, डॉक्टर. आईचा असतो.”

“गोळीला ते कळत नाही.”

घरी आल्यावर किनुएने देव्हाऱ्यातली घंटा वाजवून हात जोडले. “आई, उद्यापासून टोफू. तेही सोयाबीनच, आणि यांना चालतं.”

“तिला टोफू कधीच आवडला नाही,” तोकुजी मागून म्हणाले.

“मग त्या सांगतील तसं.”

पुढच्या महिन्यात आकडा २.४ आला.