बंद घरातली ओ

दोन हजार तीनच्या दुष्काळात खोडदच्या वस्तीवर माणसं खचून गप्प व्हायला लागली, तेव्हापासून ठकूबाई रोज सकाळी दारोदार हाक मारी, "हायेस का?" आतून ओ आली की मगच पुढचं दार.

वस्तीवरचा भगवंत घराला कुलूप लावून मंचरला कामाला गेलेला. सवयीनं तिनं तिथंही हाक मारली.

"हाय!"

आवाज अनोळखी. कुलपावरचं कोळ्याचं जाळं तसंच होतं.

"ओ दिली ना? मग झालं," म्हणत ती पुढं गेली. मग रोजच तिथं थांबू लागली.

एका सकाळी ठकूबाईला तापानं उठवेना. वस्ती चिडीचूप. तेवढ्यात भगवंताच्या घरातून हाक आली, "ठकूबाई, हायेस का?"

"हाय की!" ती ठणकावून म्हणाली.

मग हाक शेजारच्या दाराशी गेली.