वजिरावरचा हात

निजामाच्या अमलात नांदेडच्या अदालतीत वकिली करणाऱ्या माधवरावांचा बुद्धिबळात हात धरणारा कुणी नव्हता. निदान त्यांना तसं वाटे. घरातल्या जुन्या सागवानी टेबलावर त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या नरसय्याकडून पट रंगवून घेतला. रंग वाळला त्या दिवशी दोस्तमंडळी जमली आणि माधवरावांना चेष्टेची लहर आली.

"नुसती पटाची घरंच रंगवतोस, का खेळताही येतं रे?"

"थोडंफार येतंय, वकीलसाब."

"मग बस की!"

नरसय्या खुर्चीच्या कडेला कसाबसा टेकला. माधवरावांची आठ वर्षांची लेक कालिंदी बापाच्या खांद्यावर हात ठेवून पाहत राहिली. अर्ध्या तासात नरसय्या हरला.

"पट रंगवणं निराळं अन् खेळणं निराळं!" माधवराव म्हणाले, तशी सगळी बैठक खो खो हसली. नरसय्याही हसला आणि ब्रश उचलून निघून गेला.

मंडळी पांगल्यावर माधवराव लेकीला डाव पुन्हा मांडून दाखवू लागले आणि मध्येच थबकले. शेवटी शेवटी नरसय्याचा हात वजिरावर गेला होता आणि मागे आला होता. तो वजीर त्यानं पुढं सरकवला असता, तर मात माधवरावांवर होती. त्यांचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः नरसय्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मान वर होत नव्हती.

"वजीर का नाही चालवलास?"



"तुमची लेक बघून राहिली होती, वकीलसाब. माझी घरी होती."