लिथारीचे तीनशे चाळीस डबे

लाल पट्टीतली सूचना वाहिनीवर धावत होती, आणि लिथारी गावात ती एकाही घरात दिसत नव्हती.

स्तामातियाच्या हे ध्यानात आलं तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. बास्केटबॉलच्या सामन्याचं मध्यंतर नुकतंच लागलं होतं. 'लिथारीच्या रहिवाशांनी ताबडतोब बंदरावर जावं,' असं पट्टी सांगत होती. सगळा ग्रीस ते वाचत होता. ज्यांना जायचं होतं ते सोडून.

लिथारीतल्या प्रत्येक टीव्हीखाली तिने बसवलेला डबा होता. जाहिरातींची वेळ झाली की अथेन्सच्या या खोलीतून खूण जायची. मग डबा वाहिनीचं चित्र झाकायचा आणि पोटात साठवलेल्या जाहिरातींतून त्या घराला साजेशी दाखवायचा. कोळ्याला होडीचा रंग, शाळकरी मुलं असतील तिथे दप्तर, तिच्या ऐंशीच्या बाबांना कानाचं यंत्र. बाबा त्यावरून महिनाभर धुसफुसत होते. चाचणीसाठी आपलं गाव तिनेच सुचवलं होतं. आर्गिरिसच्या पोरीचं काम म्हटल्यावर कुणी नाही म्हणालं नाही.

एकदा जाहिराती सुरू झाल्या की सहा मिनिटं डब्याला वाहिनी दिसत नसे. मध्येच परत बोलावण्याची खूण अजून तयार नव्हती. जाहिरातदारांना अर्धवट कापलेली जाहिरात नको होती, आणि जुने डबे मध्येच हाक मारली की गोठून बसायचे. 'सप्टेंबरमध्ये बघू,' असं तिने आपल्या हाताने यादीत लिहून ठेवलं होतं. आता जुलै चालू होता.

अग्निशमन दलाचा माणूस फोनवर होता. "रस्ता आगीने अडवलाय. मोबाईलचा मनोरा जळाला, फोनच्या तारा गेल्या. दहा मिनिटांत आग पहिल्या घरांना लागेल. टीव्हीशिवाय तिथं काहीच पोचत नाही. वाचलं ना लोकांनी?"

या वेळेला गाव काय करत असतं ते तिला पाठ होतं. उन्हाकडच्या झडपा खाली, वातानुकूलन चालू, समोर सामना. आणि वारा असा की धूर सगळा डोंगरापलीकडे.

"जाहिराती अजून किती?" विभागप्रमुख क्लेआन्थिसने विचारलं. तो जाहिरातदारांना शेजारच्या खोलीत कॉफी देऊन आला होता.

"पाच मिनिटं वीस सेकंद."

"मग थांब. नंतर पट्टी दिसणारच आहे."

"नंतर हातात चार मिनिटं उरतात. बाबांना जिना उतरायलाच तीन लागतात." तिचा हात कळफलकावर गेला होता. "लिथारीचा टीव्हीचा मनोरा इथून बंद करते. सिग्नल गेला की डबा सगळं टाकून नव्याने सुरू होतो. दीड मिनिटात सरळ वाहिनीवर येतो."

"एक येतो. तीनशे चाळीस एकदम सुरू करून पाहिलेस कधी?"

"नाही."

"स्तामातिया, अंदाजावर अख्खं गाव लावू नकोस."

तिने मनोरा बंद केला. दहा आकडे मोजले. चालू केला.

भिंतीवरच्या नकाशात सगळे हिरवे ठिपके लाल झाले. दीड मिनिट गेलं. एकही हिरवा झाला नाही. दोन मिनिटं गेली. जागा झालेला प्रत्येक डबा त्याच मनोऱ्यामार्फत अथेन्सकडे आधी जाहिरातींची नवी यादी मागत होता, आणि यादी मिळाल्याशिवाय चित्र दाखवायचं नाही, असं त्याला शिकवलेलं होतं. शिकवणारी तीच. तीनशे चाळीस डबे एकाच क्षणी दाराशी आले, आणि यादी देणारं यंत्र कोलमडलं. तिने ते पुन्हा उभं केलं. ते पुन्हा कोलमडलं.

सहा मिनिटं झाली. काही केलं नसतं तर एव्हाना पट्टी दिसायला लागली असती. क्लेआन्थिस ते बोलला नाही. त्याने नुसता पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. ते तिला जास्त लागलं.

ठिपके हिरवे झाले तेव्हा अकरा मिनिटं उलटून गेली होती. तिने पाणी प्यायलं नाही. आपण आपल्या माणसांना आपल्या हाताने मारलं, एवढंच तिला कळत होतं. जाहिरातदार केव्हा निघून गेले ते तिने पाहिलं नाही.

तासाभराने अनोळखी नंबरावरून फोन आला. मागे होडीच्या इंजिनाची घरघर होती, कुणीतरी खोकत होतं.

"पोरी, मी. सारांतिसच्या होडीत आहे. घर गेलं बहुतेक. माणसं सगळी आहेत, पाद्रीबुवांनी दोनदा मोजली. सगळ्यांचे टीव्ही एकदम गेले म्हणून गाव शिव्या देत बाहेर आलं, आणि डोंगरावरची आग दिसली. मला सारांतिसने पाठुंगळीला घेऊन आणलं, गाढवासारखा धापा टाकत होता."

स्तामातियाने समोरचा पाण्याचा पेला उचलला.